अजिंठ्याचा काळोख आणि छायाचित्रकाराचें भिंग

नवा कॅमेरा विकत घेणाऱ्या कुटुंबांत हल्लीं एक वाद हटकून होतो. कॅमेऱ्याबरोबर भिंग कोणतें घ्यावें? एकाच अंतराचें परंतु मोठ्या मुखाचें, पुष्कळ उजेड आंत घेणारें भिंग घ्यावें, कीं मागेंपुढें फिरवून जवळचें व दूरचें दोन्ही टिपणारें झूम घ्यावें? दुकानदार बहुधा झूमची शिफारस करतो, कारण एका भिंगांत चार भिंगांचें काम होतें असें त्यास सांगतां येतें. उलट, छंदी मंडळी पहिल्या प्रकारचा, ज्यास बाजारांत प्राइम म्हणतात त्याचा, पक्ष घेतात, आणि झूम घेणारास थोडेंसें हिणवतातहि. शेवटीं वडील मंडळी किंमत विचारतात आणि वाद मिटतो. आमच्या महाविद्यालयांतील तरुण हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात तेव्हां आम्ही त्यांस कोणतेंहि एक नांव सांगत नाहीं. एक दिवस अजिंठ्यास व एक दिवस वेरुळास जाऊन या, असें सांगतों. उत्तर टाळण्याची ही युक्ति आहे असें त्यांस वाटतें. परंतु या प्रश्नाचा सगळा इतिहास आमच्या या जिल्ह्याच्या दोन डोंगरांत जितका स्पष्ट वाचतां येतो तितका तो भिंगें विकणाऱ्यांच्या सूचीपत्रांत वाचतां येत नाहीं, आणि तो वाचल्यावांचून केलेली निवड बहुधा दुसऱ्याच्या गरजेची असते.

छत्रपति संभाजीनगराहून वेरूळ सुमारें तीस किलोमीटरांवर आहे, अजिंठा सुमारें शंभर. दोहोंचाहि समावेश जागतिक वारशाच्या यादींत १९८३ सालीं एकदमच झाला. छायाचित्रकाराच्या दृष्टीनें मात्र हीं दोन स्थळें एकमेकांपासून फार दूर आहेत. वेरूळचें कैलास हें उघड्या आकाशाखालीं उभें असलेलें शिल्प, आणि अजिंठ्याचीं चित्रें हीं डोंगराच्या पोटांत, खांबांच्या मागें, दारांतून शिरणाऱ्या उजेडाच्या उरल्यासुरल्या कवडशावर जगणारीं. एका ठिकाणीं उजेड वाटेल तितका आणि जागा अपुरी. दुसऱ्या ठिकाणीं उजेडाचीच वाण.

येथें थोडें गणित सांगणें प्राप्त आहे. वाचकांनीं कंटाळूं नये. भिंगाचें नाभीय अंतर त्याच्या मुखाच्या व्यासाचें किती पट आहे, त्या संख्येवरून त्याची उजेड घेण्याची शक्ति मोजतात. ५० मिलिमीटर अंतराच्या भिंगाचें मुख २५ मिलिमीटर रुंद असेल तर त्यास एफ/२ म्हणावयाचें. मुख साडेबारा मिलिमीटरच असेल तर एफ/४. संख्या जितकी लहान तितकें मुख मोठें. उजेड हा मुखाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळें एफ/१.४ चें भिंग एफ/४ च्या भिंगापेक्षां आठपट उजेड घेतें. एखाद्या लेण्यांत एफ/४ च्या भिंगास अर्धा सेकंद लागत असेल, तर एफ/१.४ च्या भिंगाचें काम सेकंदाच्या सोळाव्या हिश्श्यांत उरकतें. अर्ध्या सेकंदांत हात हलतोच. सोळाव्या हिश्श्यांत श्वास रोखून धरणारा मनुष्य निभावून नेऊं शकतो. प्राइमच्या कैवाऱ्यांचा सगळा पक्ष मुळांत या एका हिशेबावर उभा आहे.

हा हिशेब मांडणारा पहिला मोठा गणिती योसेफ पेट्झवाल हा होय. १८३९ सालीं दागेरची पद्धति जगापुढें आली, तेव्हां जें भिंग वापरीत त्याचें मुख इतकें बारीक असे कीं उन्हांत बसलेल्या मनुष्यासहि मिनिटेंच्या मिनिटें निश्चल बसावें लागे. व्हिएन्नाच्या विश्वविद्यालयांतील या प्राध्यापकानें १८४० सालीं सुमारें एफ/३.६ चें भिंग गणितानें सिद्ध केलें, आणि पूर्वीच्या भिंगांपेक्षां सुमारें सोळापट उजेड एकदम हातीं आला. या आकडेमोडीसाठीं एका आर्चड्यूकनें आपल्या तोफखान्यांतील हिशेबनीस शिपाई पेट्झवालच्या दिमतीस दिले होते. तोफेचा गोळा कोठें पडेल हें काढणाऱ्या मंडळींनीं प्रकाशकिरण कोठें पडतील हें काढून दिलें. तोफखान्याचा इतका सौम्य उपयोग इतिहासांत क्वचितच झाला असेल. परंतु या भिंगांत एक खोड होती. त्याची प्रतिमा मध्यभागीं अत्यंत रेखीव आणि कडांकडे जातां जातां विरघळलेली अशी येई. मनुष्याचा चेहरा घेणारास तें चाललें, किंबहुना आवडलेंहि. सपाट भिंतीचें चित्र घेणारास तें निरुपयोगी होतें. मोठें मुख आणि कडेपर्यंत रेखीव प्रतिमा या दोन गोष्टी एकत्र नांदण्यास पुढें पन्नास-साठ वर्षें लागलीं.

नेमक्या याच काळांत अजिंठ्यास रॉबर्ट गिल काम करीत होता. १८१९ सालीं जॉन स्मिथ या सैनिकी अधिकाऱ्याच्या दृष्टीस हीं लेणीं पडल्यावर त्यांतील चित्रांचा बोभाटा झाला, आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या आग्रहावरून कंपनी सरकारनें मद्रास सैन्यांतील या अधिकाऱ्याची १८४४ सालीं चित्रांच्या नकला करण्याच्या कामीं नेमणूक केली. गिल मूळचा चित्रकार. तैलरंगांत मोठमोठे पट रंगवून तो विलायतेस पाठवी. १८५६ च्या सुमारास त्यानें छायाचित्रणहि हातीं घेतलें. त्याच्या चौऱ्याहत्तर छायाचित्रांचें पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ सालीं लंडनास निघालें, आणि त्याच वर्षीं दुहेरी भिंगांनीं घेतलेल्या शंभर घनदर्शी चित्रांचा दुसरा संग्रहहि प्रसिद्ध झाला. गिल व पारो यांच्या कथेवर ना. धों. महानोर यांनीं लिहिलेलें 'अजिंठा' हें काव्य मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्या कथेनें गिलची आठवण आमच्याकडे जिवंत ठेवली हें खरें, पण कॅमेऱ्यामागचा गिल तिच्या छायेंत थोडा झांकून गेला असेंहि आम्हांस वाटतें.

गिलच्या छायाचित्रांत दिसतात तीं प्रामुख्यानें लेण्यांचीं दर्शनी तोंडें, ओवऱ्या, खांब व चैत्य. ज्या रंगीत भिंतींसाठीं त्याला सरकारनें पाठविलें, त्या भिंती त्याच्या कॅमेऱ्यानें जवळजवळ सोडूनच दिल्या, आणि त्यांच्यासाठीं तो कुंचलाच चालवीत राहिला. याचें कारण नुसता आळस किंवा आवड नव्हे. १८५१ सालीं निघालेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतींत कांचेवर द्राव ओतून ती ओली असतांनाच चित्र घ्यावें व लगेच धुवावें लागे. आमच्या मुलखाच्या उन्हाळ्यांत ती कांच थोड्याच मिनिटांत सुकूं लागणार. म्हणजे उजेड कमी म्हणून तासभर पडदा उघडा ठेवीन म्हटलें तरी सोय नाहीं. पॅरिसांत नादारनें १८६१ सालीं जमिनीखालच्या अस्थिगृहांचीं चित्रें विजेच्या दिव्यांवर घेतलीं, तेव्हां एकेका चित्रास अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे, आणि मजूर इतका वेळ स्थिर राहीनात म्हणून त्यानें त्यांच्या जागीं पुतळे उभे केले. वाघुर नदीच्या त्या खोऱ्यांत गिलपाशीं वीज कोठून असणार? उजेड आंत परतविण्यासाठीं आरसे व पांढरीं कापडें धरण्याची युक्ति या लेण्यांत पुष्कळ काळ चालत आली आहे, तिच्यावर खांबांपर्यंत पोंचतां येई. पण मागच्या भिंतीपर्यंत नव्हे.

आणि उजेड पुरता असता तरीहि एक अडचण उरतीच. ती कांच फक्त निळा उजेड ओळखी. तांबडा व पिवळा रंग तिच्या लेखीं काळोख. अजिंठ्याची भिंत म्हणजे मुख्यतः काव, गेरू, पिवळी माती आणि मध्यें मध्यें लाजवर्दी निळा. त्या कांचेवर पद्मपाणीची तांबूस-पिवळी काया काळवंडून आली असती आणि जेथें निळा रंग आहे तेथें पांढरे डाग उमटले असते; चित्रकारानें हजार-दीड हजार वर्षांपूर्वीं साधलेला छायाप्रकाश साफ उलटा झाला असता. फोगेलनें १८७३ सालीं रंगद्रव्यें मिसळून कांचेची दृष्टि वाढविण्याचा मार्ग दाखविला, आणि सर्व रंग ओळखणाऱ्या कांचा बाजारांत आल्या त्या १९०६ सालीं. म्हणून भिंगाच्या गुणांची चर्चा करतांना भिंगामागें जो पट असतो त्याची चर्चा सोडून चालत नाहीं. हा मुद्दा आजच्या वादांतहि पुढें येणार आहे.

मुंबईकडे या विद्येचा आरंभ लौकर झाला. तेथील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं निघाली, आणि पुढल्याच वर्षीं एल्फिन्स्टन संस्थेंत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गांतून निघालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीं मुंबईंत या धंद्यांत नांव मिळविलें. सोसायटीच्या मंडळींत डॉ. नारायण दाजी होते, आणि त्यांचे बंधु डॉ. भाऊ दाजी लाड हे अजिंठ्याचे शिलालेख वाचणाऱ्या पहिल्या एतद्देशीय पंडितांपैकीं. एका भावाच्या हातीं कॅमेरा व दुसऱ्याच्या हातीं शिलालेखांचे ठसे, असा योग एका घरांत आला असतां अजिंठ्याच्या भिंतींचीं छायाचित्रें मराठी माणसाच्या हातून त्याच वेळीं निघावयास हवीं होतीं, अशी रुखरुख आम्हांस वाटते. परंतु वर सांगितलेलीं कारणें लक्षांत घेतलीं म्हणजे ही रुखरुख वायफळ आहे हेंहि कळतें.

वेरूळची हकीगत निराळी. गिलच्या नेमणुकीच्याच वर्षीं, म्हणजे १८४४ सालीं, सरधना येथें जन्मलेले लाला दीनदयाळ हे रुडकीस शिकून इंदूरच्या नोकरींत छायाचित्रकार झाले आणि पुढें सहाव्या निजामाच्या दरबारीं राजा ही पदवी पावले. त्यांच्या संग्रहांत वेरूळचें कैलास आहे, दौलताबाद आहे, आमच्या शहरांतील बीबीचा मकबराहि आहे. त्यांच्या काळीं कोरड्या कांचा निघाल्या होत्या, आणि १८६६ सालापासून कडेपर्यंत सरळ रेषा सरळच ठेवणारीं दोन जुळ्या अर्धांचीं भिंगें मिळूं लागलीं होतीं. या भिंगांचें मुख एफ/८ च्या आसपास, म्हणजे पेट्झवालच्या भिंगापुढें अगदींच लहान. पण कैलासापुढें उजेडाची वाण नाहीं. मंदिर पश्चिमाभिमुख असल्यामुळें दुपारनंतर ऊन त्याच्या तोंडावर येतें. तेथें अडचण आहे ती जागेची. कातळ खणून केलेलें तें अंगण सुमारें २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद, मागचा कडा १०७ फूट उंच, आणि मध्यें प्रत्यक्ष मंदिर. त्यामुळें छायाचित्रकारास मागें सरावयास जागा म्हणून राहत नाहीं. पाठ कड्यास लागली कीं संपलें. अशा जागीं विशाल कोन घेणारें लहान अंतराचें भिंग हवें, किंवा डोंगराच्या माथ्यावर चढून वरून पाहावें. आणि वर उभें राहिल्यावर खालच्या शिखरांतला एखादा सिंह जवळ आणावयाचा तर लांब अंतराचें भिंग हवें. एकाच स्थळीं अशीं तीन-चार अंतरें हवीं असल्यामुळें कैलास ही झूमच्या पक्षाची सर्वांत बळकट साक्ष आहे असें आम्ही समजतों. दीनदयाळांच्या पिढीस ती सोय नव्हती. त्यांनीं जड लांकडी पेटी खांद्यावरून वाहवून नेली.

अजिंठ्यास मात्र कुंचल्याचेंच राज्य चालू राहिलें, आणि तें फार महाग पडलें. गिलचे बहुतेक पट लंडनजवळच्या स्फटिकमहालांत टांगलेले होते. डिसेंबर १८६६ च्या आगींत ते जळाले व हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून तेरा वर्षें आपल्या विद्यार्थ्यांना, ज्यांत पेस्तनजी बमनजी हे होते, बरोबर नेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतीलहि पुष्कळ १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या आगींत नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारें ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६-९७ सालीं निघाले. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनीं नंदलाल बोस, असितकुमार हलदार वगैरे तरुण चित्रकारांच्या मदतीनें तिसऱ्यांदा नकला केल्या. या सर्वांच्या परिश्रमांस आम्ही मनापासून वंदन करतों, तथापि हें सांगितलें पाहिजे कीं नक्कल करणाराचा हात आपल्या काळाची वळणें भिंतीवर लादल्यावांचून राहत नाहीं. गिलच्या आकृतींत विलायती तैलचित्रांची गोलाई आली आहे, आणि हेरिंगहॅमबाईंच्या मंडळींच्या रेषेंत बंगाली संप्रदायाची कोमलता आहे. शिवाय या कामाच्या निमित्तानें भिंतींवर व्हार्निश चढलें. पुढें १९२० नंतर निजाम सरकारनें आणविलेल्या इटालियन कारागिरांनीं पोपडे चिकटविले खरे, पण त्यांनींहि वर लाखेचा हात दिला. व्हार्निश पिवळें पडलें, आणि आज कॅमेरा घेऊन उभें राहणारास भिंतीवर जी चकाकी छळते तिच्यांत या उपायांचा वांटा आहे.

छायाचित्राची पाळी आली ती विसाव्या शतकांत. १९१०-११ च्या सुमारास व्हिक्टर गोलुब्यू यांनीं घेतलेलीं पहिल्या लेण्याचीं चित्रें १९२७ सालीं पॅरिसांत प्रसिद्ध झालीं. त्यानंतर निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांचा चार भागांचा ग्रंथ आला. पहिला भाग १९३० सालीं निघाला, दुसरा १९३३ सालीं, तिसरा १९४६ सालीं आणि चौथा १९५५ सालीं. पहिला भाग काढणारें राज्य शेवटचा भाग निघण्यापूर्वीं सात वर्षें इतिहासजमा झालें होतें. ग्रंथ मात्र पुरा झाला. त्यांतील रंगीत व एकरंगी चित्रें ई. एल. वॅसे यांच्या छायाचित्रांवरून केलेलीं आहेत, नकलांवरून नव्हेत, आणि हें ग्रंथाच्या नांवांतच मुद्दाम नमूद केलें आहे. तीन आगींनंतर नव्हे, दोनच आगींनंतर शहाणपण आलें, एवढेंच समाधान.

आतां भिंगांकडे वळूं. सपाट भिंत कडेपर्यंत रेखीव उतरविणारीं भिंगें १८९० नंतर जर्मनींत येनाच्या नव्या कांचेमुळें शक्य झालीं. पाउल रुडोल्फचें प्लानार १८९६ चें व टेसार १९०२ चें. मोठ्या मुखाची खरी शर्यत लागली ती १९२४ पासून. त्या वर्षीं लुडविग बेर्टेलेच्या एफ/२ भिंगाचा एर्मानोक्स कॅमेरा आला, आणि तो घेऊन एरिख सालोमोननें न्यायालयांत व राष्ट्रसंघाच्या बैठकींत कोणासहि न कळूं देतां, दिवा न लावतां, चित्रें घेतलीं. पुढच्याच वर्षीं लायका निघाला; १९३२ सालीं एफ/१.५ चें झोनार. लहान कॅमेरा व मोठें मुख ही जोडी जमली, आणि दिव्यावांचून आंत जावें, असेल त्या उजेडांत पाहावें, ही नवी रीत पडली. या रीतीचें टोंक म्हणजे १९७५ सालचा 'बॅरी लिंडन' हा चित्रपट. चंद्रावरील मोहिमांच्या संस्थेसाठीं बनलेल्या एफ/०.७ च्या भिंगानें कुब्रिकनें मेणबत्त्यांच्या उजेडांत त्यांतील प्रसंग घेतले.

झूमचा जन्म चित्रपटांतलाच. बदलत्या अंतराच्या भिंगांचीं सनदपत्रें विसाव्या शतकाच्या आरंभींच निघालीं होतीं, पण उपयोगी असें पहिलें भिंग म्हणतां येईल तें १९३२ सालचें कुक व्हारो. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठीं पहिलें झूम १९५९ सालीं आलें. फोइग्टलेंडर कंपनीचें झूमार हें तें भिंग. ३६ पासून ८२ मिलिमीटरपर्यंत, एफ/२.८, रचनाकार फ्रँक बॅक. पेट्झवालचें भिंग १८४० सालीं तयार करणारी कंपनी तीच, फोइग्टलेंडरचीच. म्हणजे आजच्या वादांतील दोन्ही पक्ष एकाच घरांत जन्मले.

एवढा विलंब कां लागला? झूममध्यें कांचा पुष्कळ लागतात, आणि कांच म्हणजे दोन पृष्ठें. लेप न दिलेल्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारें चार टक्के उजेड परत फिरतो. पेट्झवालच्या किंवा टेसारच्या रचनेंत हवेला भिडणारीं पृष्ठें सहा-आठ. तेथें हा तोटा सोसतो. पण बावीस पृष्ठें असलेल्या भिंगांतून वाचकांनीं हिशेब करून पाहावा : शंभरांतले जेमतेम एक्केचाळीस भाग पलीकडे पोंचतात, आणि गेलेला उजेड आंतल्या आंत भटकून प्रतिमेवर धुकें पसरवितो तें वेगळेंच. १९३५ सालीं त्साइसच्या स्माकुलानें कांचेवर अतिसूक्ष्म लेप देऊन हें परावर्तन कमी करण्याची कृति सांपडविली. पृष्ठामागें अर्धा टक्काच तोटा धरला तर त्याच बावीस पृष्ठांतून जवळजवळ नव्वद भाग उजेड निघतो. हा लेप नसता तर झूम हें एक गणिती कौतुकच राहिलें असतें. लेपामागून गणक यंत्रें आलीं, आणि पेट्झवालच्या तोफखान्याचें काम तीं क्षणांत करूं लागलीं. तरीहि मोठें मुख झूमास वजनानेंच विकत घ्यावें लागतें. २०१८ सालीं कॅननचें २८ ते ७० मिलिमीटरांचें एफ/२ झूम आलें, त्याचें वजन १४३० ग्रॅम. त्याच कंपनीच्या ५० मिलिमीटर एफ/१.८ च्या साध्या भिंगाचें सुमारें १६० ग्रॅम. नऊ भिंगांच्या भारांत एक. (झूमच्या सोयीनें चित्रपटांचें काय झालें हा स्वतंत्र विषय आहे. १९७० नंतरच्या कित्येक हिंदी चित्रपटांत नायिकेनें मान वळविली कीं भिंग तिच्या डोळ्यांवर झेंप घेतें. त्या झेपा मोजण्याचा खेळ आमच्या पिढीनें पुष्कळ केला आहे.)

एवढ्या इतिहासानंतर पुन्हा लेण्याच्या दारांत येऊं. आज अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत झोताचा दिवा उडविण्यास मनाई आहे, आणि ती अगदीं योग्य आहे. तिपाई न्यावयाची तर पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. म्हणजे सामान्य प्रवाशापाशीं राहतात दोन हात आणि भिंग. येथें मोठ्या मुखाच्या भिंगास एक लाभ असा मिळतो कीं जो इतरत्र मिळत नाहीं. मुख मोठें केलें कीं रेखीवपणाची खोली कमी होते हा नियम सर्वांस ठाऊक आहे : ५० मिलिमीटरांचें भिंग एफ/१.४ वर ठेवून दोन मीटरांवरील मूर्तीचें चित्र घेतलें तर जेमतेम १३ सेंटिमीटर खोलीच रेखीव येते. बुद्धाचें नाक स्पष्ट व कान पुसट असा प्रकार होतो. एफ/८ वर तीच खोली पाऊण मीटरावर जाते. म्हणून सव्वीसाव्या लेण्यांतील महापरिनिर्वाणाच्या त्या लांबलचक मूर्तीस मोठें मुख अपायकारक आहे. पण भिंतीवरील चित्र सपाट असतें. कॅमेरा भिंतीशीं समांतर धरला तर त्यास खोली लागतच नाहीं. शिल्पाच्या बाबतींत जो दोष, तो चित्राच्या बाबतींत दोष राहत नाहीं, आणि आठपट उजेड फुकट पदरांत पडतो. शिवाय झूमच्या लघु टोंकाला सरळ रेषा पोटांत फुगतात, खांब पिंपासारखे दिसूं लागतात. बऱ्या प्राइममध्यें हा विकार कमी असतो.

झूमच्या वतीनें दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत, आणि त्या हलक्या नाहींत. पहिली ही कीं, पायांनीं पुढें मागें व्हा म्हणजे झूमची गरज नाहीं, हा प्राइमवाल्यांचा आवडता उपदेश येथें लागू पडत नाहीं. भिंतीपुढें कठडे आहेत, ते असावेतच, आणि कठड्यापलीकडचा हात किंवा कमळ जवळ आणावयाचें तर लांब अंतर हवें. दुसरी ही कीं, भिंगामागचा पट बदलला. आजचे कॅमेरे अंधुक उजेड पूर्वीच्या फिल्मपेक्षां किती तरी अधिक ओळखतात, आणि हाताचा कंप सावरून धरणारी यंत्रणा भिंगांत किंवा कॅमेऱ्यांत बसविलेली असते. ही यंत्रणा पळत्या मुलाला थांबवूं शकत नाहीं, पण पद्मपाणि दीड हजार वर्षें जागचा हललेला नाहीं. अशा निश्चल विषयाला ती यंत्रणा फार मानवते, आणि एफ/४ च्या झूमनेंहि आतां तेथें काम भागतें.

मग आम्ही कोणता पक्ष घेतों? वेरुळास जाणाऱ्यास आम्ही झूम घ्या म्हणून सांगतों, आणि त्यांत कांहीं कमीपणा आहे असें मानीत नाहीं. अजिंठ्यास जाणाऱ्यास ३५ किंवा ५० मिलिमीटरांचें एक साधें, मोठ्या मुखाचें भिंग घ्या म्हणून सांगतों. यंत्रणेनें कंप सावरतां येतो, पण कमी आलेला उजेड वाढविण्यासाठीं कॅमेऱ्याला जी ओढाताण करावी लागते तिनें रंगांवर रवे उठतात; आणि अजिंठ्यांत घालवावयाचा असेल तर रंग सोडून बाकी कांहींहि घालवावें. कठड्यापलीकडचें कमळ दूर राहिलें तर राहूं द्यावें. आजच्या कॅमेऱ्याच्या चित्रांतून मागाहून कापून घेण्याइतका मजकूर निघतोच. दोन्ही भिंगें घेण्याची ऐपत ज्यांस आहे त्यांच्याशीं आमचा कांहीं वाद नाहीं.

मनुष्याचा डोळा तरी काय आहे? एकाच अंतराचें भिंग, काळोखांत बाहुली पूर्ण उमलली तर सुमारें एफ/२.४. त्याला अंधार ओळखावयास मात्र वेळ लागतो. बाहेरच्या उन्हांतून आंत आलेला प्रवासी पहिलीं पांच मिनिटें जवळजवळ आंधळा असतो, आणि गर्दीच्या दिवशीं बहुतेकांस तेवढींच मिनिटें मिळतात. अर्ध्या तासानंतर त्याच भिंतींतून आकृती बाहेर येऊं लागतात.

१९९१-९२ सालीं बिनॉय बहल यांनीं अजिंठ्याचीं जीं छायाचित्रें घेतलीं त्यांचें तंत्र या अर्ध्या तासाचेंच होतें. झगझगीत दिवे न लावतां, आंत असेल तेवढ्या मंद उजेडांत, भिंग फार वेळ उघडें ठेवून त्यांनीं तीं टिपलीं, आणि १९९८ सालीं त्यांचा ग्रंथ लंडनहून निघाला. तिपाई व परवाना हाताशीं असल्यावर मुख मोठें कीं लहान हा प्रश्न त्यांच्यापुढें उरलाच नव्हता. वेळ देतां आला म्हणजे लहान मुखांतूनहि तितकाच उजेड येतो, आणि कडाहि रेखीव येतात. त्या चित्रांत ओवऱ्यांच्या कोपऱ्यांतले असे निळे व हिरवे रंग दिसतात कीं जे लेण्यांत उभ्या असलेल्या प्रवाशास सहसा दिसत नाहींत, आणि गिलच्या ओल्या कांचेस तर दिसणें शक्यच नव्हतें. ज्यांस अजिंठ्यास जावयाचें आहे त्यांनीं तें पुस्तक आधीं ग्रंथालयांतून आणून पाहावें, क्रमांक १, २, १६ व १७ या लेण्यांचीं पानें विशेष लक्षपूर्वक पाहावींत, आणि मग सुटीचा दिवस सोडून इतर वारीं, सकाळीं दारें उघडण्याच्या वेळीं तेथें पोंचावें. सोमवारीं अजिंठा बंद असतो, मंगळवारीं वेरूळ.